अकिलीस टेंडन शिवताना धागा कुठला घ्यायचा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की चाळिशीच्या आसपासचा पेशंट, खेळताना अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी, तुटलंय, चार दिवस झालेत, टाचेच्या हाडापासून ४-५ सेंटिमीटर वर बोटाला खड्डा लागतोय, पोटरी दाबली तर पाऊल हलत नाही. ऑपरेशन ठरलंय. आणि युनिटमधले एक सर म्हणतात ५ नंबरचं एथिबॉन्ड घे, दुसरे म्हणतात २ नंबरचं फायबरवायर, तिसरे म्हणतात मी एवढी वर्षं व्हिक्रिलवर, म्हणजे विरघळणाऱ्या धाग्यावर, काढली, कधी काही झालं नाही. मग नेमकं कुणाचं ऐकायचं?

खरं सांगायचं तर तिघांचेही पेशंट चालतायत आणि हीच गोष्ट आधी नीट समजून घे, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. २०२२ साली नॉर्वेमधला मोठा अभ्यास आला होता, पाचशेहून जास्त पेशंट, तीन गट: ऑपरेशन न करता, उघडून शिवलेले आणि छोट्या छेदातून शिवलेले. वर्षभरानंतर पेशंटना स्वतःला पाय कसा वाटतो ते तिन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं. परत तुटण्याचं प्रमाण ऑपरेशन न केलेल्यांत ६.२ टक्के आणि ऑपरेशनच्या दोन्ही गटांत ०.६ टक्के. म्हणजे शिवलेलं टेंडन परत तुटणं मुळातच इतकं कमी आहे की धाग्याची ताकद आणखी वाढवून त्यात मोठा फरक पडेल असं मला वाटत नाही. फरक पडतो तो दुसऱ्या तीन ठिकाणी, एक म्हणजे टेंडन लांब होऊन बरं होतं का, दुसरं जखम नीट भरते का, आणि तिसरं बाहेरच्या बाजूने उतरणारी सुरल नर्व्ह वाचली का. धागा निवडताना मी या तिघांकडे बघतो, पाकिटावरच्या ताकदीच्या आकड्याकडे शेवटी.

हे लोकांच्या डोक्यात उलटं असतं. पळताना या टेंडनवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट लोड येतो, तो लोड कुठलाच धागा एकटा घेऊ शकत नाही आणि त्याने घ्यायचाही नाहीये. धाग्याचं काम एवढंच की पहिले सहा-आठ आठवडे दोन टोकं एकमेकांना चिकटून ठेवायची, तोवर मधे कोलॅजन तयार होतं आणि हळूहळू लोड टेंडन स्वतः घ्यायला लागतं. त्या काळात पेशंट घोट्याला आधार देणाऱ्या कडक बूटमध्ये असतो, टाचेखाली वेज म्हणजे पाचरी असतात, पाऊल खाली झुकलेलं असतं. एवढ्या लोडला चांगला शिवलेला २ नंबरचा आधुनिक धागाही पुरतो.

आता रिपेअर बिघडतो कुठे ते बघ. धागा मधेच तुटला असं मी फार क्वचित पाहिलंय. बहुतेक वेळा गाठ सरकते, किंवा धागा टेंडनला कापत बाहेर येतो, किंवा, आणि हे सगळ्यात जास्त, धाग्यात राहिलेली ढील पहिल्या काही आठवड्यांत सुटते आणि टोकांमध्ये गॅप पडते. बाहेरून काहीच कळत नाही, जखम छान भरते, पेशंट खूश असतो, आणि सहा महिन्यांनी एका पायावर टाच उचलायला सांगितली की उचलत नाही. टेंडन जुळलेलं असतं पण लांब होऊन जुळलेलं असतं. आणि गेलेली लांबी परत आणायला मोठं ऑपरेशन लागतं, म्हणून मला याची सगळ्यात जास्त धास्ती असते.

त्यामुळे धाग्याच्या आधी टाका. क्रॅको टाका १९८६ पासून आहे, टेंडनच्या दोन्ही कडांनी लॉक होणारे लूप घेत जायचं, आणि अजूनही उघडून शिवताना माझा भरवसा त्याच्यावरच आहे. टाका सुरू करताना त्या फाटलेल्या झाडूसारख्या टोकात करू नको, तिथे काही पकडच नसते, तीनेक सेंटिमीटर वर घट्ट चमकदार टेंडन लागतं तिथपर्यंत जा. प्रत्येक बाजूला तीन-चार लूप पुरे, जास्त घेतले की ढील लपायला जागा वाढते. आणि मग बहुतेक जण जे करत नाहीत ते कर. दोन्ही धागे हाताला गुंडाळून टोकाच्या दिशेने सरळ ओढून धर, झटका न देता, मनातल्या मनात दहा-पंधरा मोज. तुझ्या डोळ्यांसमोर लूप एकेक करून टेंडनमध्ये रुततात, टेंडनला बारीक सुरकुत्या पडतात, आणि ज्या धाग्याला तू घट्ट समजत होतास तो चार-पाच मिलिमीटर बाहेर येतो. मग परत ओढ. दुसऱ्यांदा थोडाच येतो, तिसऱ्यांदा येत नाही. ते चार-पाच मिलिमीटर टेबलवर निघाले नसते तर बूटमध्ये निघाले असते, आणि वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांचे धरले तर जवळपास एक सेंटिमीटर होतो. रेसिडेंटला मी हे हातात धागा देऊन करायला लावतो, कारण सांगून पटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तुटलेल्या जागेतून किती धागे आरपार जातात. दोनपेक्षा चार बरे, यात काही वादच नाही, आणि जाड धाग्याचे दोन स्ट्रँड टाकण्यापेक्षा मध्यम धाग्याचे चार टाकले तर लोड वाटला जातो. मी बहुतेक वेळा गिफ्ट बॉक्स म्हणतात तसं करतो, वरच्या टोकातल्या क्रॅकोचे दोन्ही शेपूट तुटलेली जागा ओलांडून खालच्या टोकात नेतो आणि खालचे वर, म्हणजे चार स्ट्रँड आरपार जातात आणि गाठी तुटलेल्या जागेपासून लांब चांगल्या टेंडनवर बसतात. जिथे बरं व्हायचंय तिथे गाठींचा ढीग नको.

आता धागे. एथिबॉन्ड म्हणजे विणलेलं पॉलिएस्टर, वर कोटिंग, न विरघळणारं. हाताला अतिशय चांगलं लागतं, गाठ बसते आणि बसलेली राहते, चार-पाच थ्रो, म्हणजे गाठीचे वेढे, टाकले की निवांत. वर्षानुवर्षं याच्यावर काम झालंय आणि आजही यात काहीच चूक नाही. पण ५ नंबरचं घेतलं की गाठ जाड होते, आणि अकिलीसवर कातडीशिवाय काही नसतं रे, चरबीचा पातळ थर, तोही बारीक माणसात नाही. म्हणून एथिबॉन्डच वापरायचं असेल तर २ नंबरचं घे आणि स्ट्रँड वाढव, असं माझं स्पष्ट मत आहे. ५ नंबरची गरज मला पटत नाही.

फायबरवायर आणि त्याच्या जातीचे बाकीचे, ऑर्थोकॉर्ड, अल्ट्राब्रेड वगैरे, यांच्यात जास्त मॉलिक्युलर वजनाचं पॉलिइथिलीन असतं, कुणात आतला गाभा त्याचा, कुणात विण त्याची. ऑर्थोकॉर्डमध्ये गाभा पीडीएस या विरघळणाऱ्या धाग्याचा असतो, तो विरघळून जातो आणि मागे कमी मटेरियल राहतं. या धाग्यांत २ नंबरमध्ये साधारण ५ नंबरच्या पॉलिएस्टरच्या तोडीची ताकद मिळते आणि ताण दिल्यावर ते फारसे लांबत नाहीत, हा मोठा फायदा आहे कारण आपली लढाई लांबण्याशीच आहे. तोटे दोन. एक, हे गुळगुळीत असतात, गाठ सरकते, म्हणून सरळ चौकोनी सहा थ्रो टाक, मधेच धाग्याचा ताण बदलून ग्रॅनी, म्हणजे चुकीची पडून सरकणारी गाठ, होऊ देऊ नको, आणि टाकलेला प्रत्येक थ्रो दोन्ही बाजूंना सारखा ओढून बसव. दुसरा, हे कापतात. टेंडनमधून सरकवत मागे-पुढे ओढलंस तर करवतीसारखं काम होतं. ग्लोव्ह फाटतो, बोट कापतं, मग मऊ पडलेल्या टेंडनचं काय होत असेल विचार कर. म्हणून लॉक झालेल्या टाक्याला एकाच दिशेने ओढायचं, करवत चालवल्यासारखं नाही.

विरघळणाऱ्यांत व्हिक्रिल आणि पीडीएस यांना एकाच डब्यात टाकू नको, लोक नेहमी टाकतात. व्हिक्रिलची ताकद दोन आठवड्यांनी साधारण ७५ टक्के राहते, तिसऱ्या आठवड्याला निम्मी, चौथ्याला पाव. आपण पेशंटला बूटमध्ये वजन टाकायला लावतो तो काळ नेमका हाच, म्हणजे धागा कमजोर होत असताना लोड वाढतोय. तुझ्या सरांचं व्हिक्रिल चाललं त्याचं कारण मला वाटतं असं की त्यांच्या काळात पेशंट सहा-आठ आठवडे प्लास्टरमध्येच असायचा, धागा गेला तरी प्लास्टर धरून होतं. आज लवकर चालवायचं असेल तर मुख्य टाक्याला मी व्हिक्रिल घेत नाही. पीडीएसचं वेगळं. जाड साईझमध्ये दोन आठवड्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास, सहा आठवड्यांनीही साधारण ६० टक्के ताकद असते आणि पूर्ण विरघळायला सहा ते आठ महिने लागतात, म्हणजे टेंडन बरं होण्याच्या वेळापत्रकाशी ते जुळतं. शिवाय मोनोफिलामेंट, एकच सलग तार, विणीच्या फटीत बॅक्टेरिया दडून बसायला जागा नाही. अडचण अशी की ते ताठ असतं, गुंडाळीची आठवण ठेवतं, गाठ उसवू बघते म्हणून थ्रो जास्त लागतात, आणि ताणाखाली थोडं लांबतं. विरघळणारा आणि न विरघळणारा धागा यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत परत तुटण्यात आणि पायाच्या कामात ठळक फरक दिसलेला नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण पीडीएस वापरलं म्हणजे कमी दर्जाचं काम केलं असं कुणी म्हणालं तर ऐकू नको.

प्रोलीन मुख्य टाक्याला नको, लांबतं आणि गाठ घसरते. नायलॉन कातडीला उत्तम, आत नको. सिल्क आणि कॅटगट यांचा विषयच नाही.

आता गाठ आणि कातडी, आणि इथे मी जरा थांबणार आहे. काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या, ऑपरेशन दुसरीकडे झालेलं, सात महिने होऊन गेलेले. चालणं उत्तम, टाच उचलत होत्या, टेंडन हाताला दोरखंडासारखं घट्ट. पण बुटाची मागची कड जिथे घासते तिथे टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, दाबलं की पाण्यासारखा थेंब यायचा, दोन वेळा बंद होऊन परत उघडलेलं. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झालेले. उघडून बघितलं तर कातडीच्या लगेच खाली हिरव्या जाड पॉलिएस्टरची गाठ, सात-आठ थ्रोची, हरभऱ्याच्या डाळीएवढी, उभी, आणि शेपटं अर्धा सेंटिमीटर लांब ठेवलेली, कातडीला आतून टोचत असलेली. खाली टेंडन एकदम छान जुळलेलं होतं. धागा काढला, जखम भरली, मला वाटलं संपलं. दोन महिन्यांनी त्या परत आल्या, दोन बोटं खाली तसंच दुसरं छिद्र. तिथे दुसरी गाठ होती. डिस्चार्ज पेपरवर फक्त टेंडन रिपेअर केला एवढंच लिहिलेलं, धागा कुठला, गाठी किती, कुठे, काही नाही, त्यामुळे पहिल्या वेळी आणखी काय शोधायचं ते मला कळलंच नव्हतं. त्यांना उगाच दोनदा भूल घ्यावी लागली याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून गाठ नेहमी टेंडनच्या पुढच्या बाजूला, म्हणजे खोल बाजूला, किंवा निदान कडेला आतल्या अंगाला जाईल अशी बांध, मागच्या बाजूला कातडीखाली कधीच नको. शेपटं दोन-तीन मिलिमीटर ठेव. बांधून झालं की ग्लोव्ह घातलेलं बोट मागून फिरव, काही टोचलं किंवा उंचवटा लागला तर पातळ धाग्याने तिथे एक टाका घेऊन गाठ आत दाबून टाक. आणि पॅराटेनॉन, म्हणजे टेंडनवरचा पातळ पडदा, जपून उघड, जपून बंद कर, ३-० किंवा ४-० व्हिक्रिलने, कारण टेंडनला खरं आवरण नसतं, रक्तपुरवठा बराचसा त्या पडद्यातूनच येतो आणि धागा आणि कातडी यांच्यामध्ये असलेला तोच एक पडदा आहे. तो बंद होत नसेल तर समज की गाठी जास्त झाल्यात. टाचेच्या २ ते ६ सेंटिमीटर वरचा हा भाग तसाही रक्ताने गरीब, म्हणून तर इथेच तुटतं.

सुईचं कुणी विचारत नाही. गोल बॉडीची, टेपर टोकाची सुई घे. कटिंग सुई टेंडनचे तंतू कापत जाते आणि त्याहून वाईट म्हणजे आधी घातलेल्या धाग्याला आत कुठेतरी चीर देते, ते तुला दिसतही नाही. क्रॅको घेताना दुसरा धागा पहिल्यातून ओवला गेला तर ढील काढताना ओढूनच बघ, अडकत असेल तर काढून परत घाल, तिथे आळस करू नको.

तर तुझ्या पेशंटला, डायबिटीस नाही, सिगरेट नाही, तब्येत चांगली, मी काय केलं असतं? पालथं झोपवून, दोन्ही पायांना निर्जंतुक कापडं लावून (ड्रेप करून), मध्यरेषेच्या आतल्या बाजूने चिरा, म्हणजे बाहेरून उतरणाऱ्या सुरल नर्व्हपासून लांब. कातडी आणि खालचा थर वेगवेगळे न सोलता पूर्ण जाडीचा फ्लॅप. २ नंबरचं पॉलिइथिलीनवालं किंवा २ नंबरचं एथिबॉन्ड, जे ऑपरेशन थिएटरमध्ये असेल आणि ज्याची गाठ तुझ्या हाताला माहीत असेल ते, वर एक क्रॅको, खाली एक, चार स्ट्रँड आरपार. ढील काढ. मग गुडघे नव्वद अंशात वाकवून दुसरा पाय कसा लटकतोय ते बघ आणि हा पाय त्याच्याइतका, किंवा किंचित जास्त खाली झुकलेला राहील एवढ्यावर बांध, कारण पुढे थोडं तरी लांबणारच आहे. असिस्टंटला पाऊल धरून ठेवायला सांग, बांधताना हललं की सगळं गेलं. मग फाटलेल्या कडेभोवती ३-० पीडीएस किंवा व्हिक्रिलचा फिरता टाका, त्याने मजबुतीही वाढते आणि पिंजलेले तंतू आत जातात, बाहेर लोंबत राहिले तर चिकटतात. कातडीला ३-० नायलॉन, ओढून न बांधता.

तोच पेशंट डायबिटिक असेल, सिगरेट ओढत असेल किंवा बऱ्याच दिवसांपासून स्टेरॉइडवर असेल तर आधी ऑपरेशन खरंच हवं का हा विचार परत कर, आणि करायचंच ठरलं तर मुख्य टाका पीडीएसचा, गाठी कमीत कमी. अशा माणसात जखम उघडली आणि आत विणलेला न विरघळणारा धागा असला तर इन्फेक्शन त्या धाग्यावर ठाण मांडून बसतं आणि धागा काढल्याशिवाय जात नाही, आणि धागा काढायचा म्हणजे कधी कधी अर्धवट जुळलेलं टेंडन सोडायचं. थोडी ताकद कमी चालेल, पेशंटला बूटमध्ये दोन आठवडे जास्त ठेव.

छोट्या छेदातून करत असशील तर धागे कातडीबाहेरून घालून पॅराटेनॉनच्या आत ओढून आणायचे असतात. ओढताना धागा मोकळा, एकसारखा सरकायला हवा, मधेच रबरासारखा ताण लागला किंवा कातडीला बाहेरच्या बाजूला खळी पडली तर समज की काहीतरी पकडलंय आणि ते सुरल नर्व्ह असू शकतं. तो धागा काढ, परत घाल. नॉर्वेच्या त्या अभ्यासात नर्व्हची दुखापत याच गटात जास्त होती, ५.२ टक्के, उघडून शिवलेल्यांत २.८. टाचेपासून साधारण १० सेंटिमीटर वर ती नर्व्ह टेंडनची बाहेरची कड ओलांडते, तिथल्या बाहेरच्या छेदाला जास्त जप.

टेंडन टाचेच्या हाडापासूनच निघालं असेल तर गोष्ट वेगळी, खाली शिवायला टेंडनच नसतं, तिथे हाडात रुतवायचा अँकर आणि धाग्याऐवजी चपटी टेप बरी पडते, टेप रुंद असल्यामुळे कापत नाही आणि बिनगाठीचा अँकर घेतला तर मागे गाठच राहत नाही. पण टेप फारशी लांबत नाही, त्यामुळे जास्त ओढून बसवली तर पाऊल वर यायला त्रास होतो, म्हणून तिथेही दुसऱ्या पायाशी ताडून बघ.

ऑपरेशन नोटमध्ये धाग्याचं नाव, नंबर, किती स्ट्रँड, गाठी किती आणि टेंडनच्या कुठल्या बाजूला, हे चार शब्द जास्त लिही आणि डिस्चार्ज कार्डवरही टाक. फिजिओला फोन करून धागा कुठला आहे ते सांग, पीडीएस असेल तर वेज हळू कमी करायला लाव, आणि कुठलाही धागा असला तरी पहिले सहा आठवडे पाऊल नव्वद अंशाच्या वर कुणी ताणायचं नाही, पेशंटने स्वतःही नाही. दोन आठवड्यांनी टाके काढताना जखमेचा फोटो आणि पालथं झोपवून दोन्ही पाय शेजारी शेजारी लटकलेले असा फोटो काढून ठेव, मग सहाव्या आठवड्याला परत तोच. पहिल्या फोटोपेक्षा दुसऱ्यात पाऊल खाली कमी झुकलेलं दिसलं, म्हणजे टेंडन लांबतंय असं वाटलं तर त्याच दिवशी वेज परत चढव.